गरोदरपणातील मळमळ व उलट्या : कारणे, घरगुती उपाय आणि घ्यावयाची काळजी

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात भुईगाव, गास, निर्मळ, वाघोली, आगाशी ही वाड्यांची गावे आहेत. केळी, पानवेल, नारळ, भाजीपाला आणि फुलझाडे ही येथील बागायत. या बागायतीतील कितीतरी कामे स्त्रियांच्या हातची आहेत. पहाटे मोगरा व सोनचाफा तोडणे, भाजी खुडून जुड्या बांधणे, वाफे भिजवणे, खुरपणी करणे आणि बाजारासाठी टोपल्या भरणे ही कामे घरातील सून-लेक सकाळच्या पहिल्या प्रहरीच उरकते. नेमक्या याच वेळी गरोदर स्त्रीला मळमळ व उलट्यांचा त्रास पुष्कळदा जास्त जाणवतो.

समजा, भुईगावातील एका वाडीत सुनेला दोन महिने झाले आहेत. पहाटे उठताच तिला उलटी होते, फुलांचा वास सहन होत नाही, फोडणीचा वास आला की पोटात ढवळून निघते. घरातील वडील मंडळी म्हणतात, "डोहाळे लागलेत, आम्हालाही झाले होते, चार दिवसांनी थांबेल." बहुतेक वेळा हे म्हणणे खरे ठरते. परंतु काही वेळा ते खरे नसते आणि 'चार दिवस' थांबण्यात स्त्रीची प्रकृती ढासळते. नेहमीचा त्रास कोणता, तो कमी कसा करावा आणि कोणत्या उलटीला डोहाळे समजून घरी बसू नये, याची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबाला असणे आवश्यक आहे. ती देण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

हा त्रास किती जणींना व केव्हा होतो?

गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के स्त्रियांना कमी-अधिक प्रमाणात मळमळ होते. त्यांतील बऱ्याच जणींना उलट्याही होतात. हा त्रास सर्वसाधारणपणे शेवटच्या पाळीपासून चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतो, आठव्या ते बाराव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक जणींचा थांबतो. थोड्या स्त्रियांना तो त्यानंतरही राहतो.

या त्रासाला 'सकाळचा त्रास' म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो दिवसा किंवा रात्री केव्हाही होऊ शकतो. रात्रभर पोट रिकामे राहिल्यामुळे सकाळी तो अधिक जाणवतो, इतकेच.

थोड्या स्त्रियांमध्ये हा त्रास फारच तीव्र होतो. अन्न-पाणी काहीही पोटात टिकत नाही, वजन घटते व अंगातील पाणी कमी होते. अशी अवस्था शंभरात साधारण एक ते तीन स्त्रियांत, कधी त्याहून कमी प्रमाणात, आढळून येते. हा आजार आहे. त्यावर दवाखान्यातच उपचार करावे लागतात.

कारणे

१. वारेतून तयार होणारी द्रव्ये : गर्भ रुजल्यानंतर वार (नाळेचा गर्भाशयाला चिकटलेला भाग) निरनिराळी संप्रेरके तयार करू लागते. गरोदरपणाच्या लघवी तपासणीत जे संप्रेरक सापडते, त्याचे प्रमाण आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते. मळमळही साधारण याच काळात जास्त असते. त्यामुळे या दोन्हींचा संबंध असावा असे फार पूर्वीपासून मानले जात होते.

२. नवीन संशोधन : डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात केंब्रिज विद्यापीठाचे स्टीफन ओराहिली, अमेरिकेतील मार्लेना फेझो व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. 'जीडीएफ-१५' नावाचे एक प्रथिन गर्भ व वारेतून मोठ्या प्रमाणात आईच्या रक्तात येते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्रावर परिणाम करते, असे त्यांना आढळले. गरोदर होण्यापूर्वी ज्या स्त्रीच्या रक्तात हे प्रथिन कमी असते, तिला त्याची सवय नसते. म्हणून ते एकाएकी वाढले की तिला त्रास जास्त होतो. ज्यांच्या रक्तात ते आधीपासूनच जास्त असते, उदाहरणार्थ थॅलेसेमिया हा आजार असलेल्या स्त्रिया, त्यांना मळमळ कमी होते.

या संशोधनाचा घरातील माणसांनी घ्यावयाचा अर्थ असा, की उलट्या हा सुनेचा नखरा नाही किंवा तिच्या मनाचा कमकुवतपणाही नाही. हा त्रास शरीरातून उद्भवतो. एकाच घरात थोरल्या जावेला काहीच झाले नाही आणि धाकटी जाऊ अंथरुणाला खिळली, तर त्याचे कारण दोघींच्या शरीरात आहे, स्वभावात नाही.

३. आनुवंशिकता : आईला किंवा बहिणीला तीव्र त्रास झाला असल्यास तो होण्याचा संभव वाढतो. पहिल्या खेपेस तीव्र त्रास झाला असेल तर दुसऱ्या खेपेस सुरुवातीपासूनच काळजी घ्यावी.

४. जुळे अथवा द्राक्षगर्भ : जुळी असल्यास वारेतून येणारी द्रव्ये अधिक असतात व त्रास वाढतो. क्वचित गर्भाऐवजी वारेची द्राक्षाच्या घडासारखी वाढ होते. तिला द्राक्षगर्भ म्हणतात. त्यातही उलट्या फार होतात. म्हणून उलट्या फार असतील तर सोनोग्राफी आवश्यक असते.

५. त्रास वाढवणाऱ्या गोष्टी : रिकामे पोट, अपुरी झोप, उकाडा, तेलकट व तिखट जेवण, सुक्या मासळीचा, फोडणीचा किंवा उग्र फुलांचा वास आणि सुरुवातीच्या महिन्यांतच घेतलेल्या लोहाच्या गोळ्या.

डोहाळे आणि उलट्या

सुश्रुतसंहितेत गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हणजे दोन हृदयांची स्त्री म्हटले आहे आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात असे सांगितले आहे. आपला 'डोहाळे' हा शब्द या कल्पनेशी जोडला जातो. गरोदर स्त्रीला जे खावेसे वाटते ते द्यावे, हा जुना सल्ला मळमळीच्या दिवसांत आजही उपयोगी आहे. या काळात चौरस आहाराचा आग्रह धरण्यापेक्षा जे पोटात टिकेल ते खाणे महत्त्वाचे असते. कैरी, चिंच, आवळा, लिंबू यांची इच्छा झाल्यास बेताने देण्यास हरकत नाही.

मात्र माती, चुलीची भाजलेली माती, खडू, राख किंवा कोरडे तांदूळ खावेसे वाटणे हे डोहाळे समजून पुरवू नये. पुष्कळदा ते रक्तक्षयाचे लक्षण असते. मातीतून जंतही पोटात जातात. अशा वेळी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

घरगुती उपाय

१. अंथरुणातून उठण्यापूर्वी खावे : रात्री उशाशी साळीच्या लाह्या, कुरमुरे, भाजलेले चणे किंवा टोस्ट झाकून ठेवावे. जाग आल्यावर पडल्या पडल्या दोन-चार घास चावून खावे, १५ ते २० मिनिटे तसेच पडून राहावे व मग सावकाश उठावे. उपाशीपोटी चहा घेऊन वाडीत जाण्याची सवय या तीन महिन्यांत सोडावी.

२. थोडे थोडे, वारंवार खावे : दिवसातून दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी दर दोन तासांनी थोडे खावे. पोट रिकामे राहिले तरी मळमळते आणि फार भरले तरी मळमळते.

३. पाणी जेवणाबरोबर घेऊ नये : जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर घोट घोट पाणी प्यावे. शहाळ्याचे पाणी, लिंबाचे सरबत, कोकम सरबत, पातळ ताक, साळीच्या लाह्या भिजवून गाळलेले पाणी व पेजेची निवळ यांपैकी जे मानवेल ते घ्यावे. दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रवपदार्थ पोटात जातील असे पाहावे.

४. हलके अन्न : मऊ भात, पेज, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, तांदळाची भाकरी, उकडलेला बटाटा, दही-भात आणि केळे हे पदार्थ सहसा टिकतात. गरम अन्नाला वास अधिक येतो, म्हणून अन्न कोमट किंवा गार करून खावे. मासळीचा वास नकोसा झाला असेल तर त्या काळापुरती प्रथिनांची गरज मूग, चणे, दही, दूध व उकडलेली अंडी यांतून भागवावी.

५. आले व सुंठ : मळमळ कमी करण्यासाठी आल्याचा उपयोग होतो, हे अनेक चाचण्यांतून दिसून आले आहे. सुंठीची पूड दिवसाला एक ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चमच्याएवढी, चार वेळा विभागून घ्यावी. आल्याचा छोटा तुकडा मीठ-लिंबू लावून चघळला अथवा आलेपाकाची वडी तोंडात धरली तरी चालते. याहून जास्त घेतल्यास छातीत जळजळ होते. रक्त पातळ होण्याचे औषध चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुंठ घेऊ नये. नारळाच्या बागेत सावलीत आल्याची लागवड करता येते. घरच्या गरजेपुरते चार-सहा गड्डे प्रत्येक वाडीत असावेत.

६. केळी : वसईच्या केळीला या काळात वेगळे महत्त्व आहे. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून सुमारे ०.४ मिलिग्रॅम ब-६ जीवनसत्त्व मिळते. गरोदर स्त्रीची दिवसाची गरज साधारण २ मिलिग्रॅमची असते. उलट्यांतून कमी होणारे पोटॅशियमही केळ्यातून मिळते. राजेळी केळ्यांची सुकेळी कोरडी, टिकाऊ व कमी वासाची असल्याने वाडीत जाताना बरोबर नेण्यास सोयीची असते. मात्र केळे हा आहार आहे, औषध नाही. मळमळीवर औषध म्हणून दिले जाणारे ब-६ चे प्रमाण केळ्यातील प्रमाणाच्या कितीतरी पट असते.

७. वास टाळावेत : फोडणी, सुकी मासळी भाजणे व तळण ही कामे घरातील दुसऱ्या माणसाने करावीत. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी. फुले तोडण्याचे काम मानवत नसेल तर ते तीन महिने दुसऱ्याकडे द्यावे.

८. उलटीनंतर : लगेच ब्रशने दात घासू नयेत. पोटातील आम्लामुळे दातांवरील कवच मऊ झालेले असते. साध्या पाण्याने चुळा भराव्यात आणि अर्ध्या तासानंतर दात घासावेत.

९. जलसंजीवनी : उलट्या अधिक झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ (लहान चहाचा चमचा) विरघळवून ते घोट घोट द्यावे. आशा कार्यकर्तीकडे ओआरएसची पुडी मिळते. ती पुडीवर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळावी.

दिवसाचा नमुना आहार

पहाटे उठण्यापूर्वी : मूठभर लाह्या किंवा टोस्ट
सकाळी ७ वाजता : नाचणीची आंबील किंवा अर्धी भाकरी व दही
सकाळी ९ वाजता : एक केळे किंवा दोन सुकेळी
सकाळी ११ वाजता : शहाळ्याचे पाणी
दुपारी १२॥ वाजता : मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेली भाजी
दुपारी ३ वाजता : भाजलेले चणे व गूळ, अर्ध्या तासाने कोकम सरबत
सायंकाळी ५ वाजता : उकडलेले अंडे किंवा उकडलेला बटाटा
रात्री ७॥ वाजता : खिचडी व पातळ ताक
झोपण्यापूर्वी : अर्धा पेला दूध, मानवत असल्यास

हा केवळ नमुना आहे. मानवत नाही तो पदार्थ सोडून दुसरा घ्यावा.

मशेरी नको

कोकणात व घाटावर अनेक स्त्रियांना मशेरी लावण्याची सवय आहे. मशेरी लावली की मळमळ थांबते, अशा समजुतीने काही जणी गरोदरपणात ती दिवसातून अनेकदा लावतात, तर काही जणींना ही सवय गरोदरपणातच लागते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात व तेथून गर्भापर्यंत पोचते. त्यामुळे बाळ कमी वजनाचे होण्याचा व अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याचा धोका वाढतो. शिवाय निकोटीनमुळे मळमळ होते ती वेगळीच. तोंडाची चव बिघडत असेल तर बडीशेप, लवंग किंवा मिठातला आवळा चघळावा.

औषधे : स्वतःहून घेऊ नयेत, डॉक्टरांनी दिल्यास घाबरू नये

या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. गरोदरपणातील मळमळीवरही ते अनेक देशांत दिले गेले. त्यामुळे सुमारे दहा हजार बालके हातापायांची वाढ खुंटलेली अशी जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीत बाजारातून काढून घ्यावे लागले. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव तयार होत असतात. म्हणून दुकानदाराने दिलेली, शेजारणीने सांगितलेली किंवा घरात उरलेली गोळी या काळात घेऊ नये. झाडपाल्याच्या औषधांनाही हेच लागू आहे.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. ब-६ जीवनसत्त्व व डॉक्सिलामाइन यांची एकत्रित गोळी अमेरिकेत १९५६ पासून वापरात होती. न्यायालयीन दाव्यांमुळे उत्पादकाने १९८३ मध्ये ती बंद केली. पुढील अभ्यासांत तिच्यामुळे बाळात व्यंग येत असल्याचे दिसले नाही आणि २०१३ मध्ये तेथील औषध प्रशासनाने तिला पुन्हा मान्यता दिली. आपल्याकडेही डॉक्टर ही औषधे देतात. घरगुती उपायांनी आराम पडत नसेल तर 'बाळाला अपाय होईल' या भीतीने डॉक्टरांनी दिलेले औषध फेकून देऊ नये. या गोळीने झोप येते. म्हणून ती घेतल्यावर दुचाकी चालवू नये आणि विहिरीच्या किंवा बावखलाच्या काठावर काम करू नये.

गोळ्यांबाबत आणखी एक सूचना. पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची गोळी घ्यावयाची असते. लोह व फॉलिक ॲसिडची एकत्रित गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस घ्यावी. लोहाच्या गोळीने मळमळ होत असेल तर ती बंद न करता रात्री जेवणानंतर घ्यावी, तिच्याबरोबर चहा घेऊ नये आणि आशा किंवा परिचारिकेला सांगावे.

प्रत्येक उलटी म्हणजे डोहाळे नव्हेत

(अ) कीटकनाशकाची विषबाधा : शेतकरी कुटुंबाने हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांची विषबाधा झाल्यास सुरुवातीला मळमळ, उलटी, डोकेदुखी व चक्कर हीच लक्षणे दिसतात. स्त्री गरोदर असेल तर घरातील माणसे ती सहज डोहाळ्यांवर घालतात. विषबाधेत याशिवाय पुढील लक्षणे असतात : तोंडाला फार लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी येणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होणे, अंधुक दिसणे, पोटात मुरडा व जुलाब, स्नायू फडफडणे आणि श्वास लागणे. वाडीत त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी फवारणी झाली असेल आणि उलटीबरोबर यांपैकी एखादे लक्षण दिसले, तर ती विषबाधा समजूनच धावपळ करावी.

अशा वेळी स्त्रीला मोकळ्या हवेत आणावे. अंगावरचे कपडे बदलून त्वचा साबण व भरपूर पाण्याने धुवावी. मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. दूध, तेल, तूप पाजू नये. कुशीवर निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाची बाटली अथवा तिच्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखवण्यासाठी बरोबर न्यावी.

विषबाधा होऊच नये यासाठी गरोदर स्त्रीने औषध मिसळणे किंवा फवारणे ही कामे करू नयेत. फवारणी झालेल्या वाफ्यात, पानमळ्यात अथवा फुलबागेत चिठ्ठीवर दिलेली मुदत संपेपर्यंत जाऊ नये. फवारणीचे कपडे धुण्याचे काम आपल्याकडे सर्रास घरातील स्त्रीवर पडते. ते कपडे फवारणाऱ्याने स्वतः, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. औषधे राहत्या घरात, माजघरात किंवा पलंगाखाली ठेवू नयेत. रिकाम्या बाटल्या घरात वापरू नयेत. तोडणी केल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

(आ) काविळ : डोळे पिवळे, लघवी गडद पिवळी, भूक मेलेली व उलट्या ही काविळीची लक्षणे आहेत. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची काविळ गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळूनच प्यावे.

(इ) तापाचे आजार : ताप व थंडी असल्यास हिवताप, तर पावसाळ्यात चिखल-पाण्यात काम केले असल्यास लेप्टोस्पायरोसिस यांची तपासणी करून घ्यावी. साध्या मळमळीत ताप नसतो.

(ई) लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग : लघवीला जळजळ, कंबरेत किंवा कुशीत दुखणे व थंडी वाजून ताप येणे ही याची लक्षणे आहेत.

(उ) वाढलेला रक्तदाब : पाचव्या महिन्यानंतर उलट्यांबरोबर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणे किंवा चेहऱ्यावर व हातांवर सूज आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

१) २४ तासांत अन्न किंवा पाणी काहीही पोटात टिकले नाही तर.
२) आठ तास लघवी झाली नाही किंवा ती फार थोडी व गडद रंगाची झाली तर.
३) गरोदर होण्यापूर्वीच्या वजनातून पाच टक्क्यांहून अधिक घट झाली तर. ५० किलो वजनाच्या स्त्रीत ही घट अडीच किलोची होते. बहुतेक वाड्यांत भाजी तोलण्याचा मोठा काटा असतो. त्यावर दर आठवड्याला एकाच वेळी वजन करून भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे.
४) उभे राहताच चक्कर आली, छातीत धडधड झाली किंवा शुद्ध हरपल्यासारखे झाले तर.
५) उलटीत रक्त दिसले, पोटात तीव्र दुखले, ताप आला किंवा अंगावरून रक्त गेले तर.
६) नवव्या आठवड्यापर्यंत काहीच त्रास नसून त्यानंतर प्रथमच उलट्या सुरू झाल्या तर.

दवाखान्यात लघवीतील कीटोन, रक्तातील क्षार, थायरॉइड व यकृत यांच्या तपासण्या आणि सोनोग्राफी केली जाते. शिरेतून सलाईन व औषधे दिल्यावर बहुतेक स्त्रियांना लवकर आराम पडतो. 'किती दिवसांपासून अन्न टिकलेले नाही' हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. बरेच दिवस उपासमार झाली असेल तर शरीरातील ब-१ जीवनसत्त्व संपलेले असते. अशा स्त्रीला ते न देता नुसते ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होण्याचा संभव असतो. म्हणून डॉक्टर आधी ब-१ ची सुई देतात. चालताना तोल जाणे, एकाची दोन दिसणे व बोलण्यात गोंधळ ही या जीवनसत्त्वाच्या कमतरतेची गंभीर लक्षणे आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : उलट्यांमुळे बाळ उपाशी राहते काय?
उत्तर : साध्या व मध्यम त्रासात बाळाला अपाय होत नाही. या काळात बाळ फार लहान असते व त्याची गरज आईच्या साठ्यातून भागते. मात्र आईचे वजन घटतच राहिले व उपचार झाले नाहीत, तर बाळाचे वजन कमी भरण्याचा संभव असतो.

प्रश्न : मळमळ मुळीच होत नाही, म्हणजे गर्भ नीट नाही काय?
उत्तर : तसे नाही. अनेक निरोगी स्त्रियांना मळमळ होत नाही. परंतु असलेली मळमळ एकाएकी थांबली आणि पोटात दुखणे किंवा रक्तस्राव सुरू झाला, तर लगेच तपासून घ्यावे.

प्रश्न : उलट्या जास्त झाल्या तर मुलगी, कमी झाल्या तर मुलगा, हे खरे आहे काय?
उत्तर : उलट्यांवरून कोणाही एका स्त्रीच्या बाबतीत असे सांगता येत नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्रात १९८८ मध्ये व देशभरासाठी १९९४ मध्ये कायदा झाला असून असे निदान करणे व करवून घेणे हा गुन्हा आहे.

प्रश्न : वाडीतील काम पूर्ण बंद करावे काय?
उत्तर : त्रास साधा असेल तर हलके काम चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र काम पोटात काही गेल्यावरच सुरू करावे, दुपारच्या उन्हात करू नये, जड टोपली किंवा पाण्याचे हंडे उचलू नयेत आणि दुपारी किमान दोन तास विश्रांती घ्यावी.

कुटुंबाने काय करावे?

या त्रासात सर्वांत मोठे औषध म्हणजे घरातील माणसांची साथ. पतीने पहाटेच्या तोडणीची जबाबदारी तीन महिने स्वतःकडे घ्यावी. सासूबाईंनी किंवा जावेने फोडणीचे काम करावे. 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य टाळावे. ती किती वेळा उलटी करते यापेक्षा किती पाणी पिते व लघवी किती वेळा होते, इकडे लक्ष द्यावे.

पाळी चुकताच जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशा कार्यकर्तीकडे नाव नोंदवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य संस्थांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी केली जाते. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागातील वाड्या-पाड्यांवर अंगणवाडीतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा गरम चौरस आहार देण्याची अमृत आहार योजना आहे. वाडीत मजुरीला येणाऱ्या भगिनींनाही ही माहिती द्यावी. त्या आपल्या वाडीत काम करीत असतील तर त्यांच्या विश्रांतीची व फवारणीपासून बचावाची जबाबदारी वाडीमालकाचीच आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• मळमळ हा शरीरातील बदलांमुळे होणारा त्रास आहे. तो मुकाट्याने सोसण्याची गरज नाही.
• उठण्यापूर्वी कोरडे खावे, दर दोन तासांनी थोडे खावे, पाणी घोट घोट प्यावे.
• सुंठ दिवसाला एक ग्रॅम चालते. मशेरी मुळीच नको.
• डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोळी घेऊ नये, त्यांनी दिलेली गोळी भीतीपोटी टाळू नये.
• फवारणीनंतरची उलटी, तापातील उलटी, काविळीतील उलटी आणि पाचव्या महिन्यानंतर डोकेदुखीसह होणारी उलटी यांना डोहाळे समजू नये.
• २४ तास काही टिकले नाही किंवा आठ तास लघवी झाली नाही, तर दवाखाना गाठावा.

केळीच्या बागेत एखादे पान पिवळे पडले तर आपण ते पाण्याअभावी पडले, अन्नद्रव्याअभावी पडले की रोगाने पडले, हे पाहतो आणि मगच उपाय करतो. 'पान पिवळे पडायचेच' म्हणून कोणी जाणता बागायतदार स्वस्थ बसत नाही. घरातील गरोदर स्त्रीच्या उलटीकडेही अशाच जाणत्या नजरेने पाहिले, तर बहुतेक त्रास घरच्या घरी कमी होईल आणि ज्या थोड्या भगिनींना खरोखर उपचारांची गरज आहे, त्या वेळेवर दवाखान्यात पोचतील.